झोळीखालचा हात

आज अंगणवाडीत नातीचं वजन करायला गेलो होतो. छताच्या हुकाला स्प्रिंगचा काटा, त्याखाली कापडी झोळी, झोळीत पाय झाडणारी चार महिन्यांची पोर. मागच्या महिन्यात ती कमी भरली, तेव्हापासून घरात कुणाच्या घशाखाली धड घास उतरत नाही.

“ताई, हात काढा,” सेविका सुनेला म्हणाली. ही सेविका माझीच जुनी विद्यार्थिनी. “खालून आधार दिला की बाळ कमी भरतं.”

सुनेनं हात काढला. पोर रडली, हात पुन्हा झोळीखाली गेला, काटा मागे आला. असं तीनदा झालं.

मी जन्मभर विज्ञान शिकवलं. वस्तुमान म्हणजे वस्तूत द्रव्य किती ते. तराजूत मापाशी तोलून कळतं, चंद्रावरही तेवढंच राहतं. वजन म्हणजे पृथ्वीची ओढ. ती स्प्रिंगच्या ताणावरून कळते. फळ्यावर किती सोपं होतं हे! इथं मला एका जागी उभं राहवेना. हातानं पोर काही कमी होत नव्हती. पृथ्वीच्या ओढीतला थोडा भार तिची आई उचलत होती, एवढंच. आणि मोजायचं तर नेमका तोच हात काढायचा, हे कसलं मोजमाप?

“काढ गं हात,” मी चिडूनच म्हणालो.

तिनं दोन्ही हात छातीशी घेतले. तरी काटा पुढे सरकेना.

सेविका माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, “सर, आता तुमचाही काढा.”