सही झाली, बटण राहिलं

"ताई, एक्याऐंशी," सावंत म्हणाले.

"आणि रजिस्टरला?"

"एकतीस."

मतदान सुरू होऊन पस्तीस मिनिटं झाली होती. कांदिवलीतल्या एका शाळेचा तळमजल्यावरचा वर्ग, भिंतीवर फळांचा तक्ता, दाराबाहेर रांग. मी केंद्राध्यक्ष, म्हणजे त्या खोलीची त्या दिवसापुरती प्रमुख. एरवी मी एका सरकारी विमा कंपनीच्या अंधेरीतल्या ऑफिसात क्लेम्स बघते. सावंत पहिले मतदान अधिकारी. शाळेत गणित शिकवतात, निवडणुकीची ही त्यांची सहावी ड्यूटी. दर अर्ध्या तासाला मशीनचं टोटल बटण दाबून आकडा रजिस्टरशी ताडून बघायची त्यांची सवय. मशीन फक्त एकूण किती मतं पडली ते दाखवतं, कुणाला ते नाही.

फरक बरोबर पन्नासचा होता. पन्नास म्हटल्यावर मला विचार करावा लागला नाही.

खरं मतदान सुरू होण्याआधी पहाटे मॉक पोल घ्यावा लागतो. उमेदवारांच्या एजंटांसमोर निदान पन्नास खोटी मतं टाकायची, निकाल काढून दाखवायचा, दाबलं तेच मोजलं गेलं याची खात्री करून द्यायची. मग क्लिअर बटण दाबून ती मतं पुसायची, मशीनवर शून्य दाखवायचं, सील लावायचं. व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे छापील चिठ्ठीच्या मशीनमधल्या, खोट्या चिठ्ठ्याही काढून वेगळ्या पाकिटात बंद करायच्या.

चिठ्ठ्या मी काढल्या होत्या. निकाल दाखवला होता. तेवढ्यात झोनल साहेबांचा फोन आला. आठ-दहा केंद्रांवर देखरेख करणारा अधिकारी म्हणजे झोनल. "मॅडम, मॉक पोलचं सर्टिफिकेट टाका ग्रुपवर. सगळ्यांचं आलं, तुमचंच राहिलंय."

'तुमचंच राहिलंय' हे वाक्य मला सहन होत नाही. ऑफिसातही होत नाही. सर्टिफिकेट छापील असतं. 'मॉक पोलची मतं पुसून मशीनवर शून्य दाखवले आहे' हे वाक्य त्यावर आधीच असतं. मी पेन काढलं, सही केली, एजंटांच्या सह्या घेतल्या, फोटो काढून पाठवला. कागदावर मतं पुसली गेली होती, त्यामुळे डोक्यातूनही पुसली गेली. मग सील लावलं.

"आता?" सावंतांनी विचारलं.

"रांग थांबवा. आत कुणी नको."

सावंत खुर्ची ओढून जवळ आले. आवाज खाली आणला. "ताई, ऐका. क्लोज, रिझल्ट, क्लिअर. दोन मिनिटांचं काम. नवं सील किटमध्ये आहे. एजंट दोघंही ओळखीचे आहेत, मी बोलतो."

"आणि एकतीस माणसं?"

"एकतीसच आहेत हो."

"त्यांच्या बोटाला शाई लागलीय सावंत. परत मत देता येणार नाही त्यांना."

"तुम्हाला सस्पेंड केलं तर चालेल? मुलगी बारावीला आहे म्हणालात ना?"

मुलगी बारावीला होती. सावंत वाईट माणूस नाही. मला वाचवत होता, एवढंच.

एजंटांना बोलावून मीच सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, सर्टिफिकेटवर त्यांच्याही सह्या होत्या. दोघं एकाच चाळीत वाढलेले, पक्ष वेगळे. पहिला म्हणाला, "वाट लागली." दुसऱ्याने डोकं चालवलं.

"मॅडम, टेन्शन कशाला घेता? मॉक पोलमध्ये कोणाला किती पडली ते लिहिलंय ना? मोजायच्या दिवशी तेवढी वजा करायची. साधी वजाबाकी. आमची दोघांची हरकत नाही, लिहून देतो. काय रे?"

"हो ना यार. सातवीचं गणित आहे."

गणित चौथीचं होतं आणि बरोबर होतं. पण ते मी करायचं नव्हतं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक गोष्ट सांगतात आणि जेवणाच्या सुट्टीआधी सगळे विसरतात. संविधानाच्या ३२४व्या कलमाने निवडणुकीची देखरेख, संचालन आणि नियंत्रण निवडणूक आयोगाकडे दिलं आहे. ड्यूटीवरचा शिक्षक असो, बँकवाला असो की माझ्यासारखी विमावाली, तेवढ्या काळापुरता तो आयोगाचा माणूस. माझा ब्रँच मॅनेजर त्या दिवशी माझा साहेब नव्हता. आणि कुठलं मत धरायचं, कुठलं सोडायचं, फेरमतदान घ्यायचं का, हे ना मी ठरवू शकत होते, ना झोनल, ना एकमत झालेले दोन एजंट. मी मशीन सांभाळायचं आणि घडलं ते खरं कळवायचं.

मी झोनलना फोन केला. "मॉक पोल क्लिअर करायचा राहिला. एकतीस खरी मतं आत आहेत. चूक माझी आहे."

"सर्टिफिकेट पाठवलंत ना तुम्ही?"

"पाठवलं. ते चुकीचं आहे."

"कशालाही हात लावू नका. मी वर बोलतो."

वर म्हणजे निवडणूक निर्णय अधिकारी, संपूर्ण मतदारसंघाचे प्रमुख. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्याची जास्त भीती वाटली. "मशीनचा सेट बंद करून सील करा, एजंटांच्या सह्या घ्या. झोनल राखीव सेट आणतील, त्यावर पुढचं मतदान. पहिल्या मशीनचं काय करायचं ते आयोग ठरवेल. डायरीत सगळं लिहा. मिनिटासकट."

बाहेर रांग तापली होती. "ऑफिस आहे आम्हाला", "झोपलेत काय आत" वगैरे. मी दारात जाऊन सांगितलं, "माझ्या हातून चूक झालीय. दुसरं मशीन येतंय. पाऊण तास लागेल." शिव्या कमी झाल्या. कारण सांगितलं की लोक थांबतात, कारण लपवलं की भांडतात. क्लेम्स विभागात हे रोज दिसतं.

मयेकर आजोबा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. गिरणीतून निवृत्त, मूळचे मालवणकडचे. सकाळी केंद्राचं दार उघडण्याआधीपासून रांगेत पहिले उभे होते, रजिस्टरला एक नंबर त्यांचाच. मत देऊन झालं होतं, बायकांच्या रांगेत बायको होती म्हणून थांबलेले.

"बाय, माझा मत खंय गेला मगे?"

"मशीनमध्ये आहे आजोबा. सील केलंय."

"मोजतले?"

"ते आयोग ठरवणार. मला माहीत नाही."

"ठरला काय माका सांगशात?" त्यांनी मतदार चिठ्ठीच्या मागे फोन नंबर लिहून दिला. मी ती पर्समध्ये ठेवली.

नवा सेट आला. पुन्हा मॉक पोल, या वेळी, मधेच मशीन बदललं की नियम असतो तसं, प्रत्येक उमेदवाराला एक आणि नोटाला एक मत. निकाल, क्लिअर, चिठ्ठ्या बाहेर. शून्य मी एजंटांना दाखवलं, सावंतांना दाखवलं, स्वतः दोनदा बघितलं. मतदान पुन्हा सुरू झालं तेव्हा नऊला पाच कमी होते. दिवसभर काही घडलं नाही. संध्याकाळी पेट्या जमा करताना आमचा पहिला सेट वेगळ्या टेबलावर गेला आणि मीही.

चार दिवसांनी कारणे दाखवा नोटीस आली. मी एका पानात उत्तर दिलं. फोन आला होता हे लिहिलं, पण कारण म्हणून नाही लिहिलं. सही माझी होती. सावंतांनी मसुदा वाचून डोक्याला हात लावला. "ताई, थोडं तरी सिस्टमवर ढकला!" मला लेखी ताकीद मिळाली, ती सेवापुस्तकात लागली. त्या वर्षी प्रमोशनच्या यादीत माझं नाव नव्हतं. दोन्हींचा संबंध असेल किंवा नसेल, मी विचारलं नाही.

मतमोजणीच्या दिवशी ते मशीन बाजूला ठेवलं होतं. आयोगाच्या सूचना अशा वेळेसाठी आधीच ठरलेल्या असतात. जिंकणाऱ्याचं मताधिक्य अशा बाजूला ठेवलेल्या मतांपेक्षा जास्त असेल, तर त्या मतांनी निकाल बदलू शकत नाही. ती न मोजता निकाल जाहीर होतो. मताधिक्य कमी असतं तर चिठ्ठ्या मोजल्या असत्या, आणि त्या एकतीसच्या एकतीस आत होत्या. सावंतांचं ऐकलं असतं तर मशीन एक बोललं असतं आणि चिठ्ठ्या दुसरंच. आमच्या मतदारसंघात मताधिक्य मोठं होतं. मशीन उघडलंच नाही.

मी मयेकर आजोबांना फोन केला. दोन दिवस लांबवून केला, तेही सांगायला हवं.

"म्हणजे मोजूक नाय."

"नाही मोजलं. निकालात फरक पडणार नव्हता."

"पण तुमी ता पुसूक नाय मां?"

"नाही. पुसलं नाही."

मागे टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंद केला. मग म्हणाले, "बरा. पुढच्या टायमाक मी अकरा वाजता येतलंय. पयलो येवन काय्येक फायदो नाय."

विम्याच्या कामात लोक रोज सांगतात, "मॅडम, फॉर्म छापील होता, सांगितलं तिथे सही केली." मी इतकी वर्षं म्हणत आले, "वाचायला हवं होतं." आताही तेच म्हणते, कारण तेच खरं आहे. फक्त त्यांना आधी बसायला सांगते.

पुढच्या निवडणुकीत ड्यूटी पुन्हा आली, या वेळी मुलुंडला. मॉक पोल संपता संपता झोनलचा फोन आला. वेगळे साहेब, वाक्य तेच असणार. मी फोन वाजू दिला. क्लिअर दाबलं, एजंटांना शून्य दाखवलं, सील लावलं. मग पेनचं टोपण काढलं.

सर्टिफिकेट पाठवणाऱ्यांत त्या दिवशी माझा नंबर शेवटचा होता.