उपडी वाटी

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आमच्या गावाने माझ्याबद्दल ठरवून टाकलं होतं. माझी खोड गेली आणि मी काही मेलो नाही. हे गावाला अजून पचलेलं नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे.

पळसदरीच्या बाजूला आमचं गाव. घाटाखाली रेल्वेच्या रुळांवर खडी टाकणाऱ्या टोळीत मी होतो. दिवसभर फावडं, संध्याकाळी मोहाची दारू. सगळेच प्यायचे, मी जरा जास्त, कारण मला जास्त सोसते अशी माझी समजूत होती. एका वर्षी भातकापणीच्या दिवसांत बायकोने मला अंगणात उन्हाकडे तोंड करून उभं केलं.

"अवं, तुमचं डोळं हळदीवानी पिवळं झालं," ती म्हणाली.

मी हसण्यावारी नेलं. पण भाताचा वास आला तरी उमासे यायचे, उजव्या बरगडीखाली धोंडा ठेवल्यासारखं जड वाटायचं. शेवटी कशेळ्याच्या बाजारात झाडपाल्याचं औषध देणारा एक म्हातारा बसे, त्याच्याकडे गेलो. त्याने त्या जड जागी बोट दाबलं आणि मी ओरडलो.

"काळीज सुजलंय रं," तो म्हणाला. यकृताला आमच्याकडे काळीजच म्हणतात. "ही मुळी पहिल्या धारेच्या दारूत उगाळून घे. सकाळ-संध्याकाळ."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! मी ते औषध इतक्या निष्ठेने घेतलं की एकही वेळ चुकवली नाही. यात कोणाला काही वावगंही वाटलं नाही, कारण दारूशिवाय मुळीचा गुण उतरत नाही असंच आमच्याकडे सगळे मानत. आठ दिवसांत पाय सुजले, पोट नगाऱ्यासारखं ताणलं. नवव्या दिवशी बायकोने दारूचं गाडगं उचललं आणि मुळीसकट उकिरड्यावर ओतलं.

"औषिद म्हनून इख पाजतोय मेला! अवं, पोरीच्या कन्यादानापुरतं तरी जित्तं ऱ्हावा."

त्या दिवसापासून दारू बंद झाली. पहिले चार-पाच दिवस मी माणसात नव्हतो. हात इतके कापायचे की पेजेची वाटी धरवत नसे, बायको भरवायची. भिंतीवर नसलेल्या मुंग्या मला दिसायच्या. मी तिला शिव्या दिल्या, हेही लिहितो, लपवायचं कशाला? ती बांधावरची भुईआवळी उपटून आणायची, वाटून ताकात द्यायची. मऊ भात, मुगाचं कढण, तेल-तिखट बंद. टोळीतले दोस्त भेटायला आले की ती दारातच विचारायची, "हातात काय हाय?" होळीच्या सुमाराला डोळ्यांचा पिवळेपणा गेला. पाल्याने बरा झालास की दारू सुटल्याने, असं लोक अजून विचारतात. पाला सगळेच खातात बाबांनो, दारू कोण सोडतं?

मग मुलीला कुंभिवलीचं स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा कष्टाळू. आमच्यात चाल अशी की दोघा बापांनी एकाच वाटीतून दारूचा घोट घेतला की सोयरीक पक्की. त्याशिवाय नुसत्या बोलण्याला किंमत नाही.

बैठक आमच्या ओटीवर बसली. व्याह्यांनी घोट घेतला आणि वाटी माझ्यापुढे केली.

"माजं काळीज बिघडलेलं हाय," मी म्हणालो. "ताक आनतो. एकाच वाटीत पिऊ."

"ताकावर का सोयरीक व्हती?" ते हसले. "एका घोटानं कोन मरतंय?"

"पोरीचं वाटोळं करू नको रं," आमच्याच गावचे म्हातारे म्हणाले.

मी वाटी हातात घेतली. खरं सांगतो, वासाने तोंडाला पाणी सुटलं. मला ती प्यायचीच होती, आणि निमित्तही किती छान! मुलीसाठी प्यालो म्हटल्यावर बायकोही काही बोलली नसती. तेवढ्यात हात कापायला लागला. ते कापणं माझ्या ओळखीचं होतं. हा घोट एक राहणार नाही, हे माझ्याइतकं त्या ओटीवर कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी वाटी अंगणात उपडी केली.

"माज्या पोरीला कन्यादानाला बाप पायजे," मी म्हणालो.

व्याही पागोटं सावरत उठले आणि मागे न बघता गेले. आत बायको रडत होती. पुढे दोन वर्षं आमच्या दारात स्थळ आलं नाही. बारशा-लग्नाला मला बोलावणं बंद झालं. त्याचं मला काही वाटलं नाही, पंगतीतली वांगी काही इतकी चांगली नसतात. पण मुलगी माझ्यापुढे ताट ठेवायची आणि माझ्याकडे बघायची नाही. ते मात्र फार लागलं. तरी मी बदललो नाही. कोणी चौकशीला आलं की आधी सांगायचो, आमच्याकडे वाटी नाही, पटत असेल तर बसा.

तिसऱ्या वर्षी खालापूरकडचं एक घर बसलं. मुलाचा बाप याच पिवळ्या दुखण्याने गेलेला. मुलाची आई म्हणाली, "ताक घट आना म्हंजे झालं."

लग्नाच्या दिवशी भटजींनी कन्यादानाचं पाणी सोडायला माझ्या हातात तांब्या दिला. मांडवात माझ्याच गावचे म्हातारे पुढे बसले होते. मुलीची मान खाली होती, पण ती माझ्या हाताकडे बघत होती, हे मला दिसलं. मी तांब्या वाकडा केला. पाण्याची धार सरळ पडली, आणि मुलीने मान वर करून माझ्याकडे बघितलं.