फौजदाराच्या पँटवरचा दोरा

आमच्या घरी कोणी आलं की बाबा आधी त्याच्या चपला बघत, मग तोंड. गॅसची टाकी आणणाऱ्याने एकदा विचारलं, "साहेब, चपला बाहेर काढल्या, आता येऊ का आत?" बाबांनी उठून बाहेर जाऊन त्या चपला बघितल्या आणि मगच म्हणाले, "ये." माणूस खोटं बोलते, चपला नाही बोलत, हे त्यांचं ठाम मत.

तरुणपण फौजेत गेलं. तिथून सुटल्यावर ते पोलिसात लागले आणि अकोला जिल्ह्यातली ठाणी फिरत फिरत फौजदार होऊन निवृत्त झाले. मग आम्ही सगळे अमरावतीत एकत्र राहू लागलो. अंथरुणाची घडी, बुटांची चकाकी, आपलं तुटलेलं बटण आपणच लावणं हे फौजेतून आलं होतं. संशय ठाण्यातून आला. तो मी त्यांच्याकडूनच शिकलो आणि त्यांच्यावरच वापरला.

आईला त्यांचा एका गोष्टीसाठी फार अभिमान होता. लग्नकार्यात बायकांचा घोळका जमला की ती हमखास सांगायची, "आमच्या यायनं एवढी वर्षं खाकी घातली, पण कोणाले बोट नाही लावलं." बाबा जवळपास असले तर त्याच वेळी त्यांना पेपर वाचायची आठवण व्हायची. मला तो त्यांचा संकोच वाटे.

निवृत्तीनंतर दर शनिवारी ते बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडत. कधी पेन्शनचं काम सांगत, कधी जुना दोस्त आजारी असल्याचं. दर शनिवारी कोणतं पेन्शनचं काम निघतं? आणि तो दोस्त ना बरा होत होता ना मरत होता. असल्या उत्तरांवर त्यांनी दुसऱ्या कोणाला रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं असतं.

एका शनिवारी ते परतले तेव्हा बुटांना शेतशिवारातली काळी माती होती आणि पँटवर, गुडघ्यापाशी, पोपटी रंगाचा चकचकीत दोरा. पुढच्या खेपेला गुलाबी. मग एकदा धुवायला टाकलेल्या पँटच्या दुमडीत ब्लाउजच्या कापडाचं कातरण सापडलं. मी त्यांना काही विचारलं नाही. आरोपीला आधी विचारायचं नसतं, हेही त्यांचंच.

मी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"बाबांचं तिकडे कोणीतरी आहे."

"कोणी म्हणजे?"

"बाई."

तिने हातातली भाकरी नीट तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. त्या दिवसापासून बाबांचं ताट झाकून ठेवलेलं असायचं, शेजारी कोणी बसलेलं नसायचं. तिने आपली खाट माझ्या मुलीच्या खोलीत हलवली. चहा झाला तरी ती मला सांगायची, "बाबांले सांग." आणि ते तिथेच, दोन हातांवर बसलेले असायचे. ज्यांना गॅसवाल्याच्या चपलेवरून त्याचं गाव कळायचं, त्यांना हे कळलं नसेल असं नाही. पण ते बोलले नाहीत. निर्दोष माणूस ओरडतो, हे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. ते गप्प होते, म्हणजे मला पुरावाच मिळाला.

तरी एका शनिवारी मी त्यांच्या मागावर गेलो. गाडीत वेगळ्या डब्यात बसलो. अकोल्याच्या स्टँडवर ते हिवरखेडच्या एसटीत चढले. मी मागून काळीपिवळी जीपने निघालो. हिवरखेडच्या बाजारात, एका टिनाच्या दुकानासमोर, बाकड्यावर बाबा दिसले. नाकावर चष्मा, मांडीवर बाईचं पोपटी ब्लाउज, आणि ते त्याला हुक लावत होते. आत मशीनवर त्यांच्याहून म्हातारा टेलर बसला होता. त्याच्या उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. कापड तो तळहाताने पुढे ढकलत होता.

मी पानटपरीच्या आडोशाला उभा होतो. बाबा मान वर न करता म्हणाले, "बडनेऱ्यापासून पाहून राहिलो तुले. ये, चहा घे."

टेलरने मशीन थांबवलं. "ये कोन है साहेब?"

"पोट्टा माझा."

"हुक लावता येते का याले?"

"नाही."

"मंग काय कामाचा! फौजेत काहून नाही धाडला?" तो हसला. बाबा हसले नाहीत.

परतीच्या बसमध्ये त्यांनी सांगितलं, खिडकीबाहेर बघत. ते त्या भागात ठाण्यावर असताना एका लग्नघरातलं सोनं गेलं होतं. हा टेलर त्या घरी मापं घ्यायला जाऊन आला होता. "मले संशय आला," बाबा म्हणाले. "हात टेबलावर ठेवायले लावला. काठी होती." सोनं नंतर त्या घरच्याच जावयाकडे निघालं. टेलरला चहा पाजून सोडून दिलं. कुठे काही नोंद नाही, तक्रार नाही. निवृत्त झाल्यावर बाबा माफी मागायला गेले, तर तो म्हणाला, "माफीचं मी काय करू? लग्नसराई हाय. या बोटांनी हुक लागत नाही. तुमाले येते का?" फौजेतल्या माणसाला सुई येते. ते बसले, ते बसलेच.

मी म्हणालो, "आई वेगळंच समजते."

"माहीत आहे. कोणी सांगितलं तेही माहीत आहे."

"मग मी आजच तिला..."

"नाही." पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाई चालते. हे नाही चालत."

मी ऐकलं. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की ती बापाची आज्ञा होती. खरं म्हणजे ती मला सोयीची होती. आईला खरं सांगायचं तर आधी हे कबूल करावं लागलं असतं की दोन दोऱ्यांवरून मी तिचा संसार मोडला.

बाबा मागच्या हिवाळ्यात गेले. माणसांनी घर भरलं होतं. आई रडत होती, पण तिचे डोळे फिरत होते. दारातून आत येणाऱ्या प्रत्येक अनोळखी बाईवर ते थांबत: तिच्या कपाळावर, मग हातातल्या बांगड्यांवर. टेलर आला, भिंतीला टेकून बसला, निघून गेला. त्याच्याकडे तिने बघितलंही नाही. सगळे गेल्यावर तिने विचारलं, "ती आली होती का?"

"नाही आई," मी म्हणालो. म्हणजे ती आहे, यावर मीच पुन्हा शिक्का मारला.

मागच्या महिन्यात दुपारी ती लसूण सोलत असताना मी सगळं सांगितलं. दोरे, हुक, टेबल, काठी आणि माझी चूक. ती पाकळ्या सोलत राहिली. माझं झाल्यावर फोलपटं ओंजळीत गोळा केली.

"बापाले वाचवून राहिला," ती म्हणाली.

"आई, वाचवायचं असतं तर असं सांगितलं असतं का?"

"तुझे बाबा कोणावर हात टाकणारे नव्हते. मी ओळखतो त्यायले."

"हिवरखेडला चल. तो टेलर आहे अजून. त्याचा हात बघ."

"काहून येऊ? ठेवला असशील कोणी पढवून." तिने फोलपटं फुंकून कचऱ्यात टाकली. "बाई होती म्हण. तेवढं मी सोसलं. हे नको म्हणू बाबू."