कपाळावरचा शेंदूर

पोहून आल्याबरोबर सायकल आणि सायकल टाकून लगेच धावणे, हा खेळ कोणाला सुचला असेल, सांगा बरे?

दोन हजार सालानंतर काही वर्षे आम्ही चौघे दर रविवारी बोदलकसा तलावावर याचा सराव करत असू. त्यातून किस्से किती साठले, हे आता सांगू लागल्यावर कळते. ते तिघे मला लाभले, ही ईश्वराची कृपा.

*

आमचे प्रशिक्षक निवृत्त सुभेदार. त्यांनी मासिकातून वाचून दाखवले, की पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांत दमदार कोण, असा वाद हवाई बेटावर झाला. मग तिन्ही एकत्र करून एकच शर्यत लावली.

मुर्रीचे शेतकरी रहांगडाले म्हणाले, "म्हंजे फैसला झालाच नाई! आमच्या ग्रामसभेसारखंच!"

*

पोहायला शिकवले सुखरामने. तो तिथलाच मासेमार. मी हातपाय आपटत असे.

"गुरुजी, पाण्यासंगं कायले भांडून राहिले? ते काय तुमच्या वर्गातलं पोरगं हाय?"

त्या दिवसापासून मला तरंगता येते. वर्गातही आवाज उतरला.

*

रहांगडालेंनी नागपुरातून शर्यतीचा घट्ट पोशाख आणून घातला. घाटावर कपडे धुणारी सुखरामची आई बराच वेळ पाहत राहिली.

"पाटील, पयल्याच धुण्यात आटलं का जी?"

*

सायकलवरून उतरल्याबरोबर धावताना पाय लाकडासारखे होतात. सुभेदार ओरडले, "रहांगडाले, धावा!"

"मी धावूनच राहिलो, साहेब! पाय अजून सायकलवर हायेत!"

*

शेवटचा किस्सा निवड चाचणीचा. मोठ्या शहरातल्या स्पर्धेला एकालाच पाठवायचे होते. सुखरामने जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलेले नव्हते, आणि त्याला जायचे होते. मलाही.

सुभेदार घड्याळ घेऊन काठावर थांबत. म्हणून आमचा नियम असा, की सायकलने पंधरा किलोमीटरवरच्या मारुतीपर्यंत जायचे आणि त्याच्या अंगचा शेंदूर कपाळी लावून परतायचे. तीच साक्ष.

पाण्यातून सुखराम आधी निघाला. त्याची सायकल जड, मागे मासळीची टोपली बांधायचा कॅरिअर. माझी गिअरची. तरीही तो दिसेना. मी निम्म्या वाटेवरून मागे वळलो. देवघरातला शेंदूर सकाळीच पुडीत घेतला होता, तो कपाळी लावला.

मी पहिला आलो. सुखराम नंतर आला, कोऱ्या कपाळाने.

"शेंदूर कुठे?" सुभेदारांनी विचारले.

"नोता जी."

"मग तू बाद!"

सुखरामने माझ्या कपाळाकडे पाहिले आणि मान खाली घातली. मी घाम पुसला, कपाळ सांभाळून.

इतक्यात त्या मारुतीचे पुजारी नारळ घेऊन सायकलने आले. "सुभेदार! मारुतीनं पहाटे खोळ सोडली! वर्षानुवर्षांचा शेंदूर गळून पडला. आज नुसता काळा दगड दिसून राहिला! नवा शेंदूर शनिवारी."

सगळे माझ्याकडे वळले.

सुभेदारांनी सुखरामला विचारले, "वाटेत गुरुजी दिसले नाहीत, हे बोलला काऊन नाहीस?"

"गुरुजीच्या कपाळावर देवाचं होतं. मी काय बोलू?"

शिक्षा सुभेदारांनी सुनावली, मी हात जोडून घेतली. सुखराम माझ्या सायकलवर स्पर्धेला गेला आणि पूर्ण करून आला. ती सायकल वर्षभर त्याच्याकडेच राहिली.

मी, शनिवारचा उपवास करणारा, वर्षभर त्याच्या मासळीच्या सायकलवरून शाळेत गेलो. पहिला तास माझा असे. मूल्यशिक्षणाचा.