चंद्रीला दिलेला निरोप

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, तो अंथरुणाला खिळला तेव्हाही नाही. लेकींना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय म्हणजे तुम्ही कुणी मोठे लागून गेलात असं नाही — आता गिळवत नाही, एवढंच.

गावाचं नाव सांगत नाही. कर्जतपासून लांब नाही, असं समजा. पूर्वी आमच्या भागात लाल बावट्याची माणसं फिरत. डोंगरातल्या ठाकरांना त्यांनी शिकवलं — माल व्यापाऱ्याच्या दारात टाकू नका, आठवडाबाजारात स्वतः बसा, भाव स्वतः सांगा. पुढं बावटा गेला, ती माणसंही गेली. ठाकरणी मात्र करटोली, शेवळं असल्या रानभाज्या घेऊन बाजारात बसत राहिल्या.

मग नवी ग्रामपंचायत आली. कायद्यानं बायका घ्याव्या लागल्या. एक मी, दुकानदाराची बायको, सातवी शिकलेली. दुसरी डोंगरावरच्या ठाकरवाडीतली चंद्री.

तिचा मला राग होता. का? काय वाकडं केलं होतं तिनं माझं? काहीच नाही. उलट ‘वयनी, वयनी’ करायची. पण माझ्या पायरीखाली उभी राहून पाणी मागणारी बाई माझ्याच बाकावर बसायला लागली — आणि बोलायची! मी पदर चाचपत मनात वाक्य जुळवायचे, तोवर ती बोलून मोकळी. सगळे ऐकायचे. सरपंचसुद्धा. ते मला सोसवेना. याहून मोठं कारण शोधू नका, ते नाही.

त्या वर्षी ठराव आला — बाजार सुधारायचा, सिमेंटचे ओटे बांधायचे, त्यांचा लिलाव करायचा. ओटा नसेल त्यानं बाजारात बसायचं नाही. ठाकरणी लिलावात काय बोली लावणार? चंद्रीनं सभासदांची दारं झिजवली, माणसं वळवली. मीही तिला शब्द दिला. ठराव पडणार होता.

सभेच्या आदल्या दिवशी ती बाजारात भेटली. मी म्हटलं, “उद्याची सभा पुढं गेली गं. सरपंच आजारी आहेत.”

मला कुणी सांगितलं नव्हतं असं करायला. सहज तोंडातून गेलं — नाही, खोटं. घरून ठरवूनच निघाले होते.

“बरं झालं सांगतलंस वयनी,” ती म्हणाली. “नायतर उगाच डोंगर उतरून आले असते.”

सभा झाली. मी ठरावाच्या विरोधात हात वर केला. हो, केला — सगळ्यांना दिसेल असा. दोन्हीकडं हात सारखे झाले. सरपंचांनी आपलं जादा मत टाकलं नि ठराव पास.

ओटे बांधून झाले, तशी पंचायतीच्या शिपायानं ठाकरणींच्या पाट्या उचलून रस्त्यावर ठेवल्या. माल पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात, त्याच्या भावानं. वाडी चंद्रीवर उलटली. हिनं पैसे खाल्ले, मुद्दाम घरी बसली! ती त्या सगळ्यांना घेऊन माझ्या दारात आली.

“वयनी, तूच सांगतलं व्हतंस ना गं, सभा नाय म्हून?”

“मी? सभा आहे म्हणूनच सांगितलं, चंद्रे. तूच आली नाहीस.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. आता ही ओरडेल, माझ्या झिंज्या धरेल — मी तयार होते. पण ती आपल्या माणसांकडं वळली.

“वयनी कशाला खोटं बोलंल? तिनं तर आपल्यासाटी हात वर केला. मीच उलटं आयकलं आसंल.”

ती हे मनापासून म्हणाली. स्वतःच्या कानांवरचा तिचा विश्वास मी काढून घेतला होता. तेव्हा तरी तोंड उघडावं की नाही? मी दार लावून घेतलं.

पुढच्या निवडणुकीत वाडीनं चंद्रीला उभं केलं नाही. आपली मतं मला दिली — हात वर करणारी बाई म्हणून. मी वाडीवर मतं मागायला गेले होते तेव्हा त्यांनी मला खाटेवर बसवलं, चहा दिला. आणि चंद्रीला शिव्या घातल्या. ती पलीकडंच, आपल्या कुडाच्या झापाच्या दारात नाचणी पाखडत होती. सगळं ऐकू जात होतं तिला. तिनं मान वर केली नाही.

मी चहा प्यायले. ‘खरंय तुमचं’ म्हणाले. आणि मला बरं वाटलं.