नावं संपायच्या आत

पडद्यावर नावं सुरू झाली की थिएटरवाले दिवे लावतात, दारं उघडतात. सिनेमावर लिहिणारा मी रोज चिडतो. जाहिराती मुकाट बघतो आपण, पण ज्यांनी सिनेमा केला त्यांच्याकडे पाठ फिरवून चालू लागतो!

परवा पुढच्या रांगेत एक बाई मोबाइल उंच धरून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "मुलानं कपडेपट सांभाळलाय. त्याचं नाव येईल आता."

तेवढ्यात पडदा काळा झाला.

"अहो, सिनेमा संपला नाहीये अजून!" मी दारावरच्या माणसावर ओरडलो.

"संपला की साहेब. लग्न झालं ना हिरो-हिरोइनचं?"

बाईंनी मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि त्याला हळूच विचारलं, "पुढच्या खेळाला मला नुसतं शेवटी आत सोडाल का हो?"