कमानीवरचं नाव

आता कळंबपासून आमच्या खेड्यापर्यंत सगळीकडं फ्लेक्स लागतात, पण पाटी म्हटलं की मला आमचे पेंटरकाकाच आठवतात. शिडी चढण्याआधी ते चपला काढायचे आणि रंगवताना एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायचे. शाळा सुटली की आम्ही खाली उभे राहून ते ऐकायचो. शाळेच्या कमानीवर मठाच्या महाराजांचं नावही त्यांनीच घातलं होतं.

पुढं मठातल्या एका शिष्यानं गावातल्या बाईला जबर मारलं. महाराजांनी बघणाऱ्यांना बेलभंडार उचलायला लावला आणि कोर्टात तोंड उघडायचं नाही, अशी शपथ घातली. शिष्य सुटला. कैक वर्षांनी हे बाहेर आलं, तेव्हा ग्रामसभेनं कमानीवरचं नाव काढायचा ठराव केला.

थकलेले काका आले, चपला काढून शिडी चढले आणि नाव खरवडू लागले. या वेळी मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

ते उतरल्यावर मी विचारलं, "काका, आज कशाला चपला काढल्या?"

"अक्षरांचा काय गुन्हा?" ते म्हणाले. मग उजवा तळहात बघत हळूच बोलले, "बेलभंडार म्या बी उचलला व्हता."

चपला हातात धरून ते तसेच अनवाणी घरी गेले.